मुदतीला चाळीस दिवस कमी

माझ्या मावशीने एकतीस वर्षं एका बँकेच्या गुंतवणूक खात्यात काढली. सरकारचे थोड्या मुदतीचे रोखे आजच्या भावाने घेऊन मुदत संपेपर्यंत ठेवले, तर खरा परतावा किती पडतो, हे काढायचं तिचं काम. पुढे यंत्रं आली. तरी साहेब लोक यंत्राचा आकडा घेऊन तिच्या टेबलाशी यायचे. ती कागदाच्या कडेला पेन्सिलीने दोन ओळी खरडायची आणि म्हणायची, "बरोबर आहे हो तुमचं यंत्र."

लग्न तिचं झालं नाही. एक स्थळ आलं होतं. मुलाने पगार विचारला, तर हिने त्याच्या गाडीच्या कर्जाचा खरा व्याजदर तिथल्या तिथे काढून दाखवला. तो चहाही न पिता उठला, असं आई हसत हसत सांगायची.

आई तिची थोरली बहीण. बाबा गेल्यापासून आई शाळांचे गणवेश शिवायची आणि मावशी आमच्याकडेच राहायची. दोन खोल्या. खिडकीपाशी आईचं मशीन, पलीकडे मावशीची खाट, मध्ये मी आणि माझा अभ्यास.

मावशी निवृत्त झाली त्याच वर्षी आईच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल. आज-उद्याच हवं असं नाही, वर्षभरात करून घ्या. मात्र दुखणं वाढलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी या." खर्च दोन लाख दहा हजार. दोघींचं सगळं गोळा करून झाले एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. उसने मागायचे तर दोघींनाही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मावशी कागद घेऊन बसली.

"ताई, हे बघ. शंभराचा रोखा, मुदत वर्षाची, व्याज सहा. भाव नव्व्याण्णव. लोक म्हणतात परतावा सहा टक्के. चूक! शेवटी शंभर परत मिळणार, म्हणजे तो वरचा एकही आपलाच. सहा आणि एक, सात. आणि घातले किती? शंभर नाही, नव्व्याण्णव. सातला नव्व्याण्णवने भाग. सात टक्क्यांच्या वर जातं."

आई म्हणाली, "म्हणजे कापडही स्वस्तात पडलं आणि शिलाईही पुरती मिळाली."

"अगदी तसंच! वर्षाने दोन लाख बारा हजार हातात. ऑपरेशन होऊन दोन हजार उरतील." मग बँकेतल्या सवयीने मावशीने बोट वर केलं. "फक्त पुरतं वर्ष थांबायचं. मध्येच मोडलं की हे गणित राहत नाही."

"नाही ग मोडणार," आई म्हणाली.

दहा महिने बरे गेले. मग आईचं जेवण कमी झालं. शिवता शिवता ती थांबायची, बरगडीखाली मूठ दाबून मशीनवर वाकायची. मी विचारलं की म्हणायची, "सुई पडली, शोधतेय." मी पुन्हा पुस्तकात डोकं घालायचे. औषधवाल्याकडून ती गुपचूप गोळ्या आणत होती, हे मागाहून कळलं.

एका सकाळी ती मशीनवरून उठली आणि तिथेच खाली बसली. अंग तव्यासारखं तापलेलं. दवाखान्यात पैशाचं कोणी विचारलंसुद्धा नाही, सरळ आत नेलं. आत नेताना डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस दुखतंय?"

"तीन आठवडे झाले असतील."

मावशी ओरडलीच. "ताई! बोलली का नाहीस?"

आई ओशाळवाणं हसली. "चाळीसच दिवस राहिले होते ग. तुझं सगळं गणित मोडलं असतं."

पित्ताशय आतल्या आत फुटलं होतं, विष अंगभर पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी आई गेली.

आठवडा गेला. मग एका दुपारी तिने मला हाक मारली. समोर कागद होता.

"त्या सकाळचा भाव मागवला," ती म्हणाली. "नव्व्याण्णव साठ. आपण नव्व्याण्णवला घेतला होता. तोटा नव्हताच ग. वर तोवरचं व्याज मिळालं असतंच. सगळे मिळून दोन लाख नऊ हजार आठशे पंच्याऐंशी."

मी कागद जवळ ओढून आकडे पाहिले.

"ऑपरेशनला एकशे पंधरा कमी पडले असते," ती म्हणाली. "एकशे पंधरा. मी तिला म्हटलं, गणित राहत नाही. किती राहत नाही, ते सांगितलंच नाही. एका ओळीचं काम होतं."

"मावशी, तिनेही विचारायला हवं होतं."

"तिने का विचारावं? तिचा माझ्यावर विश्वास होता." एवढं बोलून तिने पदर तोंडात कोंबला. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

ठरल्या तारखेला दोन लाख बारा हजार खात्यात आले, एक पैसा इकडेतिकडे नाही. दवाखान्याचं बिल त्यातूनच दिलं. मशीन मात्र आम्हा दोघींकडून विकवलं गेलं नाही.

गल्लीतले लोक अजून मावशीकडे रोख्यांचं विचारायला येतात. परवा शेजारचे निवृत्त ड्रायव्हरकाका आले. तिने परतावा काढून दिला, आणि मग कागद उलटा करून पुन्हा लिहू लागली: तीन महिन्यांनी विकावा लागला तर किती, सहा महिन्यांनी किती, भाव पडला असेल तर किती. काका कंटाळले.

"अहो ताई, मी मुदतीपर्यंत ठेवणारच आहे!"

"असू दे," मावशी म्हणाली. "काकूंनाही बोलावून आणा. दोघांना एकदमच सांगते."