भुरीची करवंटी

फोन आला तेव्हा मी मांजरांसाठी भाकरी कुस्करत होते. यांनी तो कानाला लावला आणि पायरीवरच बसले. "सुमन गेली," एवढंच म्हणाले. हृदय बंद पडलं... सकाळी तर ती नेहमीसारखी प्रयोगशाळेत गेली होती. भाकरी माझ्या हातात तशीच राहिली.

सुमनताई माझी धाकटी नणंद, जनावरांची डॉक्टर. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. पण ती गावी, गोरेगावला आली की तिचं सगळं बोलणं माझ्याशीच, चुलीपुढं. मांजरांच्या रक्ताचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवर तिचं संशोधन होतं. हा विषाणू थुंकीतून पसरतो, एकमेकांना चाटण्यातून, एका भांड्यात खाण्यातून. काही मांजरं त्यानं मरतात, काहींचं शरीर त्याला दाबून ठेवतं. ती कशी तगतात, हे तिला शोधायचं होतं. म्हणून सुटी मिळाली की थर्माकोलचा डबा घेऊन ती जीपनं यायची आणि गल्लीतल्या मांजरांचं रक्त घ्यायची. "वैनी, तूच धर," म्हणायची, "तुझ्या मांडीवर वाघ बी गप बसंल."

गल्लीतली मांजरं एकत्रच जेवायची. लिंबाखाली जर्मनचं ताट असायचं, संध्याकाळी प्रत्येक घरची बाई त्यात उरलंसुरलं टाकायची. एकदा आमच्या भुरीच्या रक्तात विषाणू निघाला. पुढच्या खेपेला ताईनं पुन्हा तपासलं, पुन्हा निघाला. मग ती म्हणाली, ताट बंद. ज्याला त्याला आपापली करवंटी, आणि भुरी मागच्या खोलीत. शेजारच्या गंगाकाकूंना हसू आवरेना. "आता मांजरायनं बी येगळी चूल मांडली का गं?"

मला हसू आलं नाही. लहानपणी आई ज्यांच्या शेतात खुरपायला जायची, त्यांच्या गोठ्यात आमच्यासाठी वेगळे कप टांगलेले असत. मी ताईला म्हटलं, "आपल्याला येगळे कप होते, ताई. आता आपुनच मुक्या जिवाला येगळं काढायचं?"

ताईनं भुरीला उचलून मांडीवर घेतलं. "ते कप आपल्याला हलकं समजायला होते, वैनी. ही करवंटी बाकीच्या मांजरायला वाचवायला हाय. भांडं येगळं ठेव, मांडी नको करू येगळी. माणसाला न्हाई लागत हे. लागत असतं तर मी अशी घेतली असती व्हय?" तिनंच विळ्यानं भुरीच्या करवंटीच्या काठाला खाच पाडली, म्हणजे धुताना अदलाबदल व्हायला नको.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. वंदना झाली आणि गंगाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "कॅन्सरवालं मांजर मांडीवर घेऊन बसायची. त्यानंच नेलं पोरीला. पोत्यात घाला अन् साखऱ्याच्या शिवारात सोडून या." कुणीतरी पोतंही आणलं. यांनी ते हातात घेतलं. भाऊच ते... दुःखात माणसाला काहीही खरं वाटतं. भुरी गेली असती तर ताईनं तिला मांडीवर घेऊन जे सांगितलं, तेच तिच्या घरात खोटं ठरलं असतं.

"काकू, तो रोग माणसाला लागत न्हाई," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"तू कधीपासून डाक्टरीन झालीस गं?"

"न्हाई झाले. पण भुरीचं रक्त घेताना दर खेपी धरून मीच बसले. मला काय झालं?"

मी मागच्या खोलीत गेले, भुरीला घेऊन आले आणि सगळ्यांसमोर मांडीवर घेऊन बसले. एवढ्या माणसांतही भुरी हलली नाही. यांनी पोत्याची घडी केली आणि तीच खाली घेऊन माझ्या शेजारी बसले.

मागच्या आठवड्यात ताईची सहकारी बाई आली, तोच थर्माकोलचा डबा घेऊन. ताईचं काम ती पुढं नेणार आहे. भुरीला मी धरलं. सुई लागली तेव्हा तिनं माझ्या पदरात नखं रुतवली, बस तेवढंच.

बाई गेल्यावर करवंट्या धुतल्या. खाचेवरून बोट फिरवलं आणि ती करवंटी बाजूला पालथी घातली. बाकीची मांजरं जेवून पांगली होती. मी मागच्या खोलीचं दार लोटून खाली बसले... भुरी आली, वळून वळून जागा केली आणि मांडीवर निजली.