टेलरकाका आणि शेजारची शाळा

टेलरकाकांचं दुकान आणि घर एकाच पत्र्याखाली, शाळेच्या भिंतीला खेटून. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत खाट. अर्धांगवायू झाल्यापासून काकू त्या खाटेलाच खिळलेल्या. काका मात्र नाकावर माशी बसू देत नसत.

शेजारी शाळेची नवी इमारत उभी राहिली, ती जरा वेगळीच, उन्हाळ्यातही गार राहील अशी बांधलेली. दुहेरी भिंतीतली पोकळी मुलांना दिसावी म्हणून एका ठिकाणी विटांऐवजी काच बसवलेली. गरम हवा निघून जायला छताजवळ झरोके, गच्चीला पांढरा चुना. मुलं प्रत्येक वर्गातलं तापमान मोजून फळ्यावर लिहायची. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ही इमारतच शिकवायला घेत. ते शिक्षण गल्लीतही पोचावं म्हणून त्या मोठ्या वर्गातल्या मुलींना घेऊन घरोघरच्या पत्र्यांना चुना द्यायला निघाल्या.

काकांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. "बाई, पोरींना खुशाल शिकवा. माझ्या पत्र्याने काही तुमच्या शाळेत नाव घातलेलं नाही!"

मुली फिदीफिदी हसल्या. बाई हसल्या नाहीत. "काका, दुपारी आमचा हॉल गल्लीतल्या सगळ्यांसाठी उघडा असतो. काकूंना आणा. तिथं गारवा आहे."

"लोकांच्या सावलीत जाऊन बसायची वेळ अजून आली नाही आमच्यावर."

बाई गेल्यावर आतून काकू म्हणाल्या, "अहो, एकदा नेऊन तर बघा." काकांनी मशीन सुरू केलं आणि विषय तिथंच संपवला.

मग उन्हाने कहर केला. एका दुपारी काका बाजारातून दोरा घेऊन आले, तर काकू हाकेला ओ देईनात. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धवट मिटलेले.  काका शाळेच्या फाटकापाशी धावले आणि ओरडले, "बाई, लवकर या हो!"

बाई आणि शिपाई धावत आले. काकूंना खाटेसकट उचलून हॉलमध्ये नेलं. मुलींनी ओल्या फडक्यांनी अंग पुसलं, वह्यांनी वारा घातला. डॉक्टर येईपर्यंत काकूंनी डोळे उघडले होते. "अहो, इथं जिवाला बरं वाटतंय," त्या पुटपुटल्या. काका खांबाआड गेले आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी पत्र्याला चुना लागला. शिडी काकांनी स्वतः धरली होती.

तो उन्हाळा काकूंनी हॉलमध्ये काढला. उजवा हात तेवढा चालायचा, पण त्या एका हाताने त्या मुलींना बटणं लावायला शिकवत. थंडीत एका पहाटे त्या झोपेतच गेल्या.

काकांनी बरेच दिवस दुकान उघडलं नाही. पुन्हा ऊन तापायला लागलं, तसे ते मशीन घेऊन हॉलमध्ये आले. पश्चिमेच्या खिडक्यांना उरल्यासुरल्या कापडाचे दुहेरी पडदे शिवले. "मधे हवा राहते, म्हणून उकाडा आत येत नाही," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आता गल्लीतलं कुणी म्हातारं माणूस हॉलमध्ये यायला संकोचलं, की बाई काकांनाच पाठवतात. काका त्या घरच्या उंबऱ्यावर बसतात आणि काकूंबद्दल सांगतात.