सलीमभाईचा हौ

आता माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतर सलीमभाई सांगेल, आणि तो मीठमसाला लावून सांगतो!

मी शाळेची पायरी चढलेलो नाही. हे सगळं माझी नात पूजा लिहून घेतेय. तिला कॉलेजात एक काम दिलं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलतं करायचं, कॉम्प्युटरनं ते बोलणं टिपायचं, त्याची वाक्यं सुटी करायची आणि कुठलं वाक्य आनंदाचं, कुठलं रागाचं ते ठरवायचं. दुसऱ्या दिवशी मॅडमला दाखवायचं होतं. नाहीतर पोरगी नापास!

"आबा, पैठणच्या एष्टीतली बकरी सांगा," म्हणाली, आणि ओठावर बोट ठेवून गप बसली.

"तर मी बकरी घेऊन एष्टीत चढलो, अन्…" मी थांबलो. ती गप. मी गप. कॉम्प्युटर तर काय, गपच!

"अगं, हुंकार कोण देणार? समोरच्यानं हौ म्हटल्याबिगर माझी गोष्ट पुढं सरकत नाय."

"मी बोलले तर रेकॉर्डिंग बिघडेल. मशीन ऐकतंय ना, आबा!"

"मान तरी हलवतंय का ते? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय मला."

"आबा, प्लीज!"

"नाय म्हणजे नाय. माझ्या बापानं हुंकाराबिगर गोष्ट सांगितली नाय. गरज मशीनला हाय, तर त्यानं ऐकायची रीत शिकावी!"

आणि उठलो, हळूहळू शेजारी गेलो. सलीमभाई माझा वाळूजच्या कंपनीतला जोडीदार. शिफ्टच्या बसमध्ये जन्मभर माझ्या गोष्टी ऐकून त्याचा हौ असा तयार झालाय, की झोपेतसुद्धा वेळेवर पडतो.

"गोष्ट सांगायचीय, हौ म्हणायला चल."

"कौनसी, बकरीवाली? नक्को रे बाबा!"

"नातीच्या पासनापासचा सवाल हाय."

"चल फिर."

मग काय विचारता!

"कंडक्टर म्हणाला, हिचं तिकीट काढ, अन्…"

"हौ!"

"अन् बकरीनं त्याचं तिकिटाचं बंडलच तोंडात धरलं, अन्…"

"हौ हौ!"

चहा गार झाला, बकरी पैठणला उतरली, तरी मी चालूच. पूजाला म्हटलं, "बघ, मशीनला कसं वळण लावलं!"

दुसऱ्या दिवशी पोरगी कॉलेजातून आली ती पोट धरून हसतच.

"पास झाले, आबा!"

"होणारच! माझी वाक्यं किती निघाली?"

"एक."

"एकच? एवढी बकरी सांगितली ती?"

"तुम्ही दरवेळी अन् म्हणून पुढं गेलात. वाक्य संपलंच नाही. मशीननं सगळं मिळून एकच धरलं, आणि पुढं लिहिलं, भावना समजत नाही."

"मग पास कशी झालीस?"

"सलीमचाचांमुळे. त्यांचा एकेक हौ म्हणजे पूर्ण, स्वच्छ, आनंदी वाक्य! मशीनच्या मते गोष्ट त्यांनीच सांगितली. मधेमधे कुणीतरी अडथळा आणत होतं, ते तुम्ही."

तरीही ठासून सांगतो, मी सुधारणार नाही! माझी बकरी मशीनसाठी जागोजागी उभी राहणार नाही. वर दिसतात ते सगळे पूर्णविराम पूजाचे, माझा त्यात एकसुद्धा नाही. खोटं वाटतंय? सलीमभाई इथंच बसलाय, विचारा त्याला, अन्…

"हौ."