दहाव्याचं पान

मुलांनो, तो नट गेला तेव्हा तुम्ही फोनवर विचारलंत की आमच्या लालबागच्या चाळीचं नाव बातम्यांत कसं आलं. तेव्हा मी विषय बदलला. आता क्रमाने सांगते.

तो आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर मावशीकडे वाढला. मोठा झाल्यावर करी रोडच्या टॉवरमध्ये राहायला गेला, पण दुपारचा डबा आमच्या शेजारणीकडूनच मागवायचा. ही शेजारीण मालवणची, नवरा नसलेली. जेवणाच्या डब्यांवर तिचं घर चालतं. माझाही डबा तिचाच.

दुपारी डबा जेवून झोपला, तो झोपेतच गेला. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. पण संध्याकाळपर्यंत रस्ता माणसांनी भरला. हार, मेणबत्त्या, मोठमोठे फलक. रडणारी माणसं खरंच रडत होती, त्याबद्दल मला शंका नाही. मग कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला: शेवटचं जेवण कुठून आलं होतं? दोन दिवसांत शेजारणीच्या दाराचा फोटो सगळीकडे फिरला. तिचे डबे एकेक करून बंद झाले. जिन्यात बायका तिला पाहून गप्प व्हायच्या.

दहाव्याचे विधी त्याच्या घरच्यांनी बाणगंगेवर केले. तिथे कावळा शिवला नाही. शिवणार कसा, चारी बाजूंनी कॅमेरे. पण त्याचाही व्हिडिओ झाला: 'आत्मा न्याय मागतोय.' दुपारी मंडळाच्या पोरांनी ठरवलं की चाळीचा मुलगा होता, आपणही गच्चीवर पान ठेवायचं. मावशीला खुर्चीत बसवून वर आणलं. शेजारीणही माझ्यासोबत वर आली.

पानावर भात, वडे, खीर होती. मावशीने नीट निरखून पाहिलं.

"आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची आमटी खंय? त्याच्या आवडीचा वाढल्यात नाय, तर कावळो कसो येतलो?"

ते तो शेजारणीच्याच हातचं खायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला, "आणा ना. हरकत काय? कावळ्याने खाल्लं तर बाई सुटली. नाही खाल्लं तर समजायचं ते समजू."

तो हे हसत म्हणाला, पण मोबाईल त्याने आधीच वर धरला होता.

शेजारीण खाली गेली आणि थोड्या वेळाने आंबोळी आणि आमटीचा वाडगा घेऊन आली. तिने पानावर वाढलं आणि कठड्याजवळ उभी राहिली. पाण्याच्या टाकीवर तीन-चार कावळे बसले होते. एक उतरला, कठड्यावर आला, मान वाकडी केली. चाळीसेक फोन त्याच्याकडे वळले. तो उडाला.

"मागे सरका," मी म्हणाले. "एवढ्या गर्दीत कुठला पक्षी येईल?"

"आजी, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला हे नाय कळायचं," सेक्रेटरी म्हणाला.

"मला कावळे कळतात रे. रोज माझी पोळी पळवतात."

कुणी हसलं नाही. मागून आवाज आला, "बघा, शिवत नाय." मग दुसरा, "आता काय बोलायचं राहिलंय?" जिन्याच्या तोंडाशी माणसं दाटली होती. शेजारणीला खाली जायचं असतं तरी वाट नव्हती. माझा हात तिच्या दंडावर होता.

तिने माझा हात सोडवला. पानापाशी जाऊन खाली बसली, आंबोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. मेलेल्या माणसाच्या पानातलं. मग दुसरा घास. सावकाश चावून.

आमच्याकडे त्या पानाला कुणी बोटही लावत नाही. एक बाई पुटपुटली, "विटाळलं सगळं."

सेक्रेटरी पुढे झाला. मावशीने खुर्चीतूनच हात आडवा केला.

"शिवलंस गो बाय," ती शेजारणीला म्हणाली. "आता दुसऱ्या कावळ्याची वाट कित्याक बघूची? चला रे सगळे. मोबाईल खाली करा. माझो पोरगो गेलो हा, तुमचो शिनेमा नाय."

मावशी पहिल्यांदा तेव्हा रडली. पोरं एकेक करून खाली उतरली. सेक्रेटरी सर्वांत शेवटी गेला. त्याने पानाकडे एकदा वळून पाहिलं, पण फोटो काढला नाही.

ते दोन्ही व्हिडिओ, शेवटच्या जेवणाचा आणि बाणगंगेचा, अजून फिरतात. तुमच्याकडेही येतील, म्हणून हे लिहिलं. डबे हळूहळू परत सुरू झाले, सगळे नाहीत. मी दुपारी डबा घ्यायला जाते तेव्हा शेजारीण झाकण लावण्याआधी प्रत्येक भाजीतला एक घास माझ्यासमोर खाते. "माझ्यासाठी नको गं," असं मी कितीदा सांगितलं. ती मान हलवते, घास गिळते आणि मगच झाकण लावते.