तारेचं घरटं

परळच्या गिरणीत मी टिकलो तो वाइंडिंग खात्यातल्या, म्हणजे सूत गुंडाळतात तिथल्या, एका मावशींमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट सुरू झाली की लोक कावळ्यालाच हसत बसतात आणि मावशी राहून जातात. मावशी काळाचौकीच्या चाळीत जन्मल्या, तिथेच वाढल्या. त्यांच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्यांच्या खात्याची आणि आमच्या खात्याची खिडकी एकाच बदामाच्या झाडाकडे उघडायची, एवढाच आमचा शेजार.

वडील वारले तेव्हा मी पाचवीत होतो. शाळा तिथेच सुटली. पुढे मालवणकडचं गाव सोडून मुंबईला आलो आणि साळखात्यात, म्हणजे माग चालतात तिथे, बदली कामगार म्हणून लागलो. बदलीवाल्याला रोज सकाळी एकच घोर: आज आत घेतील की गेटवरून परत पाठवतील? माझं काम मागाच्या तारा साफ करण्याचं. वीतभर लांबीच्या त्या बारीक तारा रॉकेलात धुवायच्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर वाळत घालायच्या.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की पहिला घास मी त्याच कट्ट्यावर ठेवायचो, वडिलांच्या नावाने. गावी असतो तर वर्षातून एकदा, पितृपक्षात, कावळ्याला वाडी दाखवली असती. इथे इतक्या लांब येऊन पडलो, म्हणून रोज. एक कावळा ठरल्या वेळी यायचा आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघायचा. वडीलही असेच बघायचे, माझं प्रगतिपुस्तक हातात घेऊन.

एप्रिलात तारा कमी भरायला लागल्या. आज चार, उद्या सहा. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे. आमच्या जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, मला गाठलं. काळे झेंडे बांधायला नेतोस काय रं तारा, म्हणाला. मोर्चाला मी जात होतो, घसा बसेपर्यंत ओरडतही होतो, पण गिरणीची तार कशाला नेऊ? रोज गेटवर झडती व्हायची, तीत काही सापडत नव्हतं. तरी शनिवारपर्यंत चोर सापडला नाही तर माझं बदलीचं कार्ड जाणार, असं त्याने बजावलं. कार्ड गेलं की परत गावी. आईला काय तोंड दाखवणार होतो?

खरं म्हणजे चोर मला ठाऊक होता. कावळ्याला चोचीत तार धरून उडताना मी दोनदा पाहिलं होतं. पण सांगू कसा? स्वतःच्या वडिलांवर चोरीचा आळ घ्यायचा?

शेवटी मावशींना सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"अरे कोकण्या, तुझा बाप गिरणीत होता काय कामाला?"

"नाही. शेती होती."

"मग त्याला मागाच्या तारा कशाला रे? वर बघ."

बदामाच्या बेचक्यात घरटं होतं, उन्हात चकाकणारं. आत कावळी बसलेली.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मावशी जॉबरला बोलावून घेऊन आल्या. कट्ट्यावर दहा तारा ठेवल्या, बाजूला भात ठेवला, आणि आम्ही सगळे मागाआड दडलो. कावळा आला. आधी त्याने सावकाश भात खाल्ला. मला वाटलं, आता हा तसाच उडणार आणि मी सरळ गावचा रस्ता धरणार. मग त्याने एक तार उचलली, ती वाकडी निघाली म्हणून टाकली, दुसरी सरळ बघून घेतली आणि गेला.

"माल पारखून नेतोय की ह्यो," जॉबर म्हणाला, आणि अख्खं खातं हसलं. मी हसता हसता खालीच बसलो.

पण माल गिरणीचा होता. जॉबरने मला तिथल्या तिथे झाडावर चढून घरटं उतरवायला सांगितलं. माडावर चढणारा मी, पण पाय उचलेना. मावशी मध्ये पडल्या.

"पिल्लं उडू देत. मग मीच चढवते ह्याला. तोवर तारांना मी जामीन."

जॉबर कुरकुरला, पण ऐकलं. सोमवारपासून तारा मी आत, जाळीखाली वाळवू लागलो. भात मात्र कट्ट्यावरच.

मिरगाच्या आधी पिल्लं उडाली. मी घरटं उतरवून मावशींच्या हातात दिलं. भांड्यासारखं जड. तारा, चष्म्याची एक काडी, आत मऊपणाला मावशींच्याच खात्यातलं सूत. झाडाची काटकी एकही नाही. आणणार कुठून? आवारात झाड एकच, आणि खालचा पालापाचोळा रोज सकाळी झाडून नेलेला. आम्ही जे टाकलं, जे उघड्यावर ठेवलं, त्याचंच त्याने घर केलं होतं.

मी म्हटलं, आमच्या गावी कावळ्याचं घरटं काटक्यांचं असतं.

"काटक्यांचं?" मावशींचा विश्वास बसेना. "वाऱ्यात टिकतं ते?"

त्यांनी जन्मात तसं घरटं पाहिलं नव्हतं. कावळा तारेचंच बांधतो, अशीच त्यांची समजूत. मला हसू आलं, मग कसंसंच झालं. त्या कितीतरी वेळ ते घरटं हातात फिरवून बघत होत्या.

पुढच्या वर्षी मी कायम झालो. तेव्हापासून दर मे महिन्यात मावशींना गावी न्यायचं ठरवतो, आणि दर वेळी काहीतरी आड येतं, कधी संप, कधी बहिणीचं लग्न. पण नेणार. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसवून नेणार, आमच्या परसातल्या फणसाखाली उभं करून काटक्यांचं घरटं दाखवणार. त्यांनी केलं त्याची एवढ्याने फेड होणार नाही, हे कळतं मला. पण हे तरी माझ्या हातून व्हायलाच हवं.