क्लेमच्या कादंबरीतला माणूस

क्लेम ग्रॅबोस्की कादंबरी लिहील, असं अमेरिकेतल्या एरी गावात कुणी म्हटलं असतं तर सगळ्यांत आधी त्याची बायको डोरीन पोट धरून हसली असती. पण हसायला ती राहिली नव्हती. क्लेमचं उभं आयुष्य रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात, रंगाच्या खात्यात गेलं. निवृत्त झाला आणि पाठोपाठ डोरीन गेली. त्या हिवाळ्यात गावाशेजारच्या सरोवरावरून असा बर्फ आला की दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. क्लेम स्वयंपाकघरात बसून राहायचा. रेडिओ चालू असायचा, पण काय चाललंय ते त्याला सांगता आलं नसतं.

मुलगी मेरिबेथ दूर ॲरिझोनात. तिने जुना लॅपटॉप पाठवला आणि फोनवर म्हणाली, "बाबा, काहीतरी लिही. नुसता बसू नकोस. आठवणी लिही हवं तर."

क्लेमने आठवणी लिहायला घेतल्या, त्या तिसऱ्या पानावर संपल्या. कारखाना, चर्च, शुक्रवारी अग्निशामकांच्या हॉलमध्ये तळलेले मासे. आणखी काय लिहिणार? मग त्याने ठरवलं, आपल्याला ज्यातलं कळतं त्यावर लिहावं. कळत होतं ते एकाच गोष्टीतलं: बेसबॉलची जुनी कार्डं. शंभर वर्षांपूर्वी सिगरेटच्या पाकिटातून निघायची ती, आणि पुढे च्युइंगगमबरोबर मिळायला लागली ती. पुढे खेळाडूचं चित्र, मागे आकडे. पोरांनी खिशात कोंबून, भिंतीवर आपटून त्यांचे कोपरे बोथट केले; म्हणून आज ज्याचे कोपरे शाबूत त्याला सोन्याचा भाव.

पण नुसत्या कार्डांवर कादंबरी कशी होणार? कुणीतरी पाप करायला हवं. आणि या छंदात सगळ्यांत मोठं पाप एकच. जुनं, मळक्या कडांचं कार्ड घ्यायचं, पात्याने चारी बाजूंनी केसभर कापायचं, की कोपरे कालच छापल्यासारखे होतात. मग दाम चौपट. क्लेमने असं कुणाला करताना कधी पाहिलं नव्हतं. नुसतं ऐकलं होतं. त्याने एक दुकानदार रचला, हँक डॉर्सी नावाचा. हा हँक तीस वर्षं कार्डं कापून विकतो आणि त्याच्या जिवाभावाच्या मित्राला पत्तासुद्धा लागत नाही.

आता माणूस कागदावर उभा करायचा तर त्याला हातपाय, सवयी पाहिजेत. आणि क्लेम उभ्या जन्मात एकाच दुकानदाराला जवळून ओळखत होता.

व्हिन्स टॅन्झोला आणि क्लेम शाळेपासूनचे. कारखान्यात पहिली मोठी कपात झाली त्यात व्हिन्सची नोकरी गेली आणि त्याने वेस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर कार्डांचं दुकान टाकलं. शनिवार सकाळ क्लेमची तिथेच जायची. व्हिन्स गळ्यात कागदी रुमाल खोचून पेपरोनीच्या, म्हणजे तिखट सॉसेजच्या चकत्या भरलेला गरम पाव खायचा, कार्ड पारखताना जीभ गालात फिरवायचा, आणि दारातून कुणीही आलं, भिकारी का असेना, "या महाराज!" म्हणून हाक द्यायचा. क्लेमने हे सगळं उचलून हँक डॉर्सीला दिलं. रुमाल दिला, गालातली जीभ दिली, "या महाराज"ही दिलं. प्रेमानेच दिलं. व्हिन्स वाचेल, हसेल, पाठीत एक गुद्दा घालेल, असं त्याच्या मनात होतं.

प्रकाशकांनी दारात उभं केलं नाही. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकाने दोन गोड ओळी पाठवल्या. मेरिबेथ म्हणाली, "आता कुणाच्या पाया पडायची गरज नाही बाबा. आपलं आपण छापता येतं." तिने इंटरनेटवर सगळं जुळवून दिलं, मुखपृष्ठ केलं. खोकी घरी आली तेव्हा क्लेमने एक पुस्तक हातात घेतलं आणि मागची बाजू बघितली. तिथे त्याचंच आडनाव चुकीचं छापलं होतं. तरी तो दिवसभर ते पुस्तक घेऊन घरात फिरला.

दुसऱ्या दिवशी तो एक खोकं घेऊन दुकानात गेला.

"लेका, खरंच लिहिलंस की!" व्हिन्स ओरडला. "मला वाटलं म्हातारपणी डोक्यावर परिणाम झालाय."

"वाच की मग."

"मी चित्रं बघणारा माणूस. पॉलेटला देतो, ती वाचेल आणि मला जेवताना सांगेल." त्याने पुस्तकांची चळत गल्ल्याशेजारी मांडली. "पण विकून देतो बघ तुला. ओ महाराज, इकडे या! माझ्या मित्राने पुस्तक लिहिलंय, कार्डांवर. घेतल्याशिवाय बाहेर सोडणार नाही."

आणि खरंच, महिनाभर व्हिन्सने ते पुस्तक स्वतःच्या हाताने, आग्रह करकरून, स्वतःच्याच गिऱ्हाइकांना विकलं.

आधी बदलली ती पॉलेट, व्हिन्सची बायको. शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला क्लेम हॉलमध्ये गेला, तर ती ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. क्लेमला वाटलं, त्या रुमालाचा राग आला असेल. बायका अशा गोष्टी मनावर घेतात. बघू, नंतर समजूत काढू.

मग डेनी ऑर. शहराच्या बसगाड्या दुरुस्त करणारा, थट्टेखोर माणूस. त्याने पुस्तक वाचलं आणि गंमत म्हणून व्हिन्सकडून घेतलेलं आपलं सगळ्यांत महागडं कार्ड, कार्डं पारखून त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे पाठवलं. कार्ड परत आलं. कंपनीने दर्जा दिला नव्हता. फक्त लिहिलं होतं, कडा कापलेल्या आहेत. डेनीची थट्टा तिथेच बंद झाली. त्याचं बघून दुसऱ्याने पाठवलं, तिसऱ्याने पाठवलं. सगळीच वाईट निघाली नाहीत, पण निघाली तेवढी पुरेशी होती.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये कार्डांचा बाजार होता. व्हिन्सचं नेहमीचं टेबल रिकामं ठेवलेलं. क्लेम आत आला तर लोक उठून उभे राहिले.

"शाब्बास क्लेम!" डेनी म्हणाला. "सरळ नाव घेता येत नव्हतं म्हणून पुस्तक लिहिलंस. छाती लागते त्याला."

"अरे, मी नाव कुणाचं घेतलंच नाही. मला काही माहीत नव्हतं. मी रचलं ते."

"हो हो, रचलंस!" डेनीने डोळा मारला. "कोर्टात असंच सांग. आम्ही काही बोलणार नाही."

सगळे हसले. क्लेमने पुन्हा सांगून बघितलं. जितकं सांगावं तितकं लोकांना वाटे, वकिलाने पढवून पाठवलंय. त्या दिवशी त्याने आणलेलं पुस्तकांचं खोकं दुपारच्या आत संपलं. लोक सही मागत होते. आणि इथे क्लेमबद्दल एक गोष्ट लपवून उपयोग नाही: त्याने सह्या केल्या. प्रत्येकाला नाव विचारून नीट सही केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याची सही पगाराच्या कागदाशिवाय कशावर मागितली होती. घरी येऊन त्याने मेरिबेथला फोन करून सांगितलं, सगळी संपली. का संपली ते सांगितलं नाही.

व्हिन्स आला तो दोन दिवसांनी, भर दुपारी. बर्फ झटकला नाही, कोटही काढला नाही. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला. क्लेमने कॉफी पुढे ठेवली, तिला व्हिन्सने हात लावला नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीही नाही, व्हिन्स."

"पॉलेट?"

"ती माझ्याशी बोलत पण नाही."

"मग काय, खिडकीतून बघितलंस? मागच्या खोलीत ते मशीन आहे, कागद कापायचं. तुझ्या त्या माणसाकडे पण तेच मशीन आहे. हिरव्या दांड्याचं."

"अरे, कारखान्याच्या ऑफिसात तसंच होतं. ते बघून लिहिलं. आईच्यान व्हिन्स, मी सगळं रचलं. डोक्यातून काढलं."

 व्हिन्स एकदम कोरडं हसला. "म्हणजे तुला माहीत नव्हतं. आणि मी, गाढव, स्वतः विकत होतो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "दुसरी कपात झाली ना कारखान्यात, त्या वर्षी केलं पहिल्यांदा. दुकानात कुणी फिरकत नव्हतं. लोक कार्डं विकत घ्यायला नाही, विकायला यायचे, आणि नाही म्हणवत नसे. एक कापलं. वाटलं, एवढंच. मग पॉलेटच्या आईचं आजारपण आलं. तेव्हा पुन्हा." त्याने खुर्ची मागे सरकवली. "थांबलो होतो रे मी. कधीच थांबलो होतो."

क्लेमच्या ओठांवर एक प्रश्न आला. विचारायचा नाही असं ठरवलं, आणि तोच विचारला गेला.

"माझी कार्डं?"

"तुझं एकही नाही." व्हिन्स ताडकन म्हणाला. "तुला दिलं त्यातलं एकही नाही."

क्लेमने मान डोलावली. पण विश्वास बसला की नाही हे त्याचं त्यालाच कळलं नाही, आणि व्हिन्सला ते त्याच्या तोंडावर दिसलं. व्हिन्स उठला. दाराशी जाऊन म्हणाला, "तू मला सरळ विचारलं असतंस ना क्लेम, तर मी सांगितलं असतं तुला. कुणाला नसतं सांगितलं, तुला सांगितलं असतं."

"पण मला विचारायचं सुचलंच नसतं!"

"तेच तर." व्हिन्स म्हणाला आणि गेला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला निदान आपण कुऱ्हाडीला लागलोय एवढं तरी कळत असेल. क्लेमला तेही कळलं नव्हतं. त्याने त्याच दिवशी पुस्तक विक्रीतून काढून टाकलं. एक बटण दाबलं की झालं. पण विकलेली पुस्तकं परत कशी आणणार? ती हातोहात फिरत राहिली. दुकानाची काच कुणीतरी दगड घालून फोडली. व्हिन्सने तिथे लाकडी फळी ठोकली, मग दुकानच बंद केलं. हॉलमध्ये त्याचं नाव निघालं की लोक "या महाराज" म्हणायचे आणि खिदळायचे. ते ऐकून क्लेमने हॉलमध्ये जाणं सोडलं. त्याने व्हिन्सला फोन केले, ते उचलले गेले नाहीत. घरी गेला तर पडदा हलला, दार उघडलं नाही. आपली कार्डं त्याने कपाटात ठेवून दिली आणि ती कधीच पारखायला पाठवली नाहीत.

फेब्रुवारीत दारापुढचा बर्फ ओढता ओढता व्हिन्स फावड्यावरच कोसळला. या गावात दर हिवाळ्यात कुणी ना कुणी असं जातंच. शेजाऱ्याने पाहिलं तेव्हा त्याच्या टोपीवर नवा बर्फ साचायला लागला होता.

क्लेम काळा सूट घालून अंत्यविधीला गेला. दारात पॉलेटचा भाऊ उभा होता. त्याने क्लेमच्या छातीवर हात ठेवला. ढकललं नाही, नुसता ठेवला.

"तू नको."

"मी साठ वर्षांचा मित्र आहे त्याचा."

"म्हणूनच म्हणतो, नको."

क्लेम गाडीत जाऊन बसला आणि सगळे बाहेर येईपर्यंत तिथेच बसून राहिला. शवपेटी गाडीत ठेवताना त्याने टोपी काढली. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

बर्फ वितळल्यावर एके दिवशी पॉलेटचा फोन आला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. दुकान रिकामं करून द्यायचं होतं. कार्डं किती आणि कसली तिला ठाऊक नव्हतं. पिट्सबर्गचा एक व्यापारी म्हणाला होता, टॅन्झोलाचा माल असेल तर रद्दीच्या भावाने घेईन, त्यातलं चांगलं कुठलं आणि कापलेलं कुठलं कोण शोधत बसणार?

"तुला ओळखता येतात ना?" तिने विचारलं. "पुस्तकात तर सगळं लिहिलंयस, कशी ओळखायची ते."

फळी ठोकलेल्या खिडकीमागे, दिव्याखाली दोघं समोरासमोर बसली. क्लेम एकेक कार्ड शाबूत कार्डावर ठेवून बघायचा, कडेवरून नख फिरवायचा, आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवायचा. पॉलेट कॉफी आणायची. बोलायची नाही. असा तो कितीतरी दुपारी तिथे गेला. उजवीकडचा ढीग वाढत वाढत टेबलाबाहेर गेला. डावीकडे कापलेली इतकी थोडी होती की एका लिफाफ्यात मावली असती.

"एवढीच?" पॉलेटने विचारलं.

"एवढीच."

"बाकी सगळी चांगली आहेत?"

"सगळी."

"मग हे कुणाला सांगितलं तर?"

 आपल्या शब्दावर गावाचा किती विश्वास आहे ते क्लेमला माहीत होतं. रचलेल्याला लोकांनी खरं मानलं होतं. खऱ्याला कोण विचारणार?

रद्दीच्याच भावाने माल न्यायला व्यापाऱ्याची गाडी येणार होती त्या सकाळी दोघांनी खोकी भरली. पॉलेट चिकटपट्टी लावत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मी दोनदा वाचलं तुझं पुस्तक. त्या माणसाला बायको नाही."

"नाही."

"का?"

क्लेमने खरंच आठवून बघितलं. सुरुवातीच्या कुठल्याशा खर्ड्यात एक बाई होती, तिला नावही दिलं होतं. पण ती घरात असली की हँकला कार्डं कापताना तिच्यापासून लपवावं लागे, तिची सोय लावावी लागे, शेवटी तिचं काय होतं ते लिहावं लागे. म्हणून त्याने तिला काढून टाकलं होतं.

"सोपं पडलं," तो म्हणाला.

"सोपं पडलं," पॉलेट म्हणाली, आणि पुढचं खोकं ओढून घेतलं.