गुडघ्याची वाटी

चहा घ्या आधी. हा किस्सा मीच सांगून टाकतो, कारण माझ्या बायकोने, मुग्धाने सांगितला की त्यात मी आणखी वेडा दिसतो. आणि ती सांगणारच! बेंगळुरूला बनशंकरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना तो एव्हाना माहीत झालाय.

तर, माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. लोकांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो हो! त्यामुळे घरातही मी गप्प बसत नाही. चपलांचा स्टँड, फ्रिजमधले डबे, सगळीकडे माझी लेबलं. मुग्धा म्हणते, एक दिवस तू मलाही लेबल चिकटवशील.

गेल्या महिन्यात सासूबाई आल्या निपाणीहून. बाई गोड, बोलणं मराठी-कानडी मिसळून, आणि गुडघे अगदी कामातून गेलेले. मी त्यांना आई म्हणतो. आल्या त्या दिवशी त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून नुसतं "अगं आई गं" केलं, आणि मी औषधांचा डबा उघडला.

आमचा औषधांचा डबा म्हणजे काय सांगू! पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा जाताना उरलेल्या गोळ्या ठेवून जातो. 'असू दे, लागतात.' अर्धी पाकिटं, कात्रीने कापलेली पाकिटं, नाव एकावर आणि तारीख दुसऱ्यावर. हे बघून माझ्यातला इंजिनीयर जागा झाला. म्हटलं, आईंना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांना हे कळणार कसं?

मग मी एक मिसळणाचा डबा आणला. स्टीलचा, सात वाट्यांचा. सगळ्या गोळ्या पाकिटातून बाहेर काढल्या आणि त्रासाप्रमाणे वाट्यांत भरल्या! डोकं, ताप, सर्दी, कंबर, दात, गुडघा, आणि मधल्या वाटीत किरकोळ. प्रत्येक वाटीला ठळक मराठीत लेबल. शिवाय कॉम्प्युटरवर तक्ता केला: कोणत्या वाटीत कोणती गोळी, किती, कोणी घेतली, कधी घेतली.

हसताय काय? मला तेव्हा पेटंट घ्यावंसं वाटलं होतं!

आईंना डबा दाखवला. त्यांनी एकेक वाटी नीट पाहिली. मग म्हणाल्या, "बरं केलंत की हो."

एवढंच. मला वाटलं, कौतुकाने शब्द सुचत नसतील.

सोमवारपासून रोज सकाळी मी स्वतः त्यांच्या हातावर गुडघ्याची एक गोळी ठेवू लागलो. "घ्या आई." त्या म्हणायच्या, "घेते की हो." मी तक्त्यात नोंद करायचो. तीन दिवस यंत्रणा अशी सुरळीत चालली होती की ऑफिसमध्ये कधी चालली नाही.

बुधवारी माझंच गाडं बिघडलं. आदल्या दिवशी वीस लिटरचा पाण्याचा कॅन एका झटक्यात उचलायला गेलो होतो, कंबर धरली. त्यात बेंगळुरूची हवा, शिंका सुरू. त्यात क्लायंटचा सकाळी सातचा कॉल, डोकं ठणकायला लागलं. पण आपल्याकडे डबा आहे ना! साडेसातला डोक्याची एक, नऊला सर्दीची एक, अकराला कंबरेची एक. दीडला पुन्हा डोक्याची. पोटात काय, तर काळी कॉफी. सगळ्या नोंदी वेळच्या वेळी केल्या.

तीनच्या सुमारास छातीत आणि पोटात जळजळायला लागलं. म्हटलं किरकोळच्या वाटीत ॲसिडिटीचं काहीतरी असेल. डबा उघडला, आणि बघतो तर गुडघ्याची वाटी रिकामी! नुसती रिकामी नाही, घासून-पुसून लखलखीत.

चौदा गोळ्या होत्या. तीन गेल्या. उरल्या अकरा. त्या अकरा कुठे गेल्या?

आईंच्या खोलीत डोकावलो. त्या पालथ्या झोपलेल्या. हाक मारली, हूं नाही की चूं नाही. मी तिथेच तक्ता उघडला. मोबाइलवर त्या गोळीचं नाव टाकलं, तर पहिल्याच ओळीत: बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, मूत्रपिंडावर परिणाम होतो. आणि आईंना बीपी आहे! गेली दहा वर्षं आहे! हे मला माहीत होतं हो, पण माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

"आई! आई, उठा!"

त्या दचकून उठल्या. "काय झालं की हो?"

"गुडघ्याच्या गोळ्या कुठे गेल्या?"

त्यांचा चेहरा एकदम पडला. पदर सारखा करत म्हणाल्या, "संपल्या की हो सगळ्या."

"सगळ्या? अकराच्या अकरा?"

"चुकलंच माझं. तुम्हाला सांगून करायला हवं होतं. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिले."

"वाईट काय वाटायचंय आई, चला, चप्पल घाला!"

"आता कुठं?"

"दवाखान्यात!"

"परत?" त्या म्हणाल्या. पण मी ऐकायच्या मनःस्थितीत होतो कुठे?

रिक्षात बसवलं त्यांना. खरं सांगू? त्या पाच मिनिटांत मला रडू यायला लागलं होतं. चांगली बाई, लेकीकडे चार दिवस सुखाने राहायला आली, आणि मी तिला लेबल लावून मारली असं वाटत होतं. मुग्धाला फोन केला. ती बोम्मसंद्र्याला कारखान्यात असते. मी म्हटलं, "घाबरू नकोस, पण..." आता सांगा, या शब्दांनंतर आजवर कोण घाबरलं नाहीये? ती काम टाकून निघालीच.

इकडे आई रिक्षावाल्याशी कानडीत मजेत गप्पा मारत होत्या. मध्येच खळखळून हसल्या. मी मनात म्हटलं, झालं, गोळ्या डोक्यात गेल्या.

दवाखाना आमच्या भागातल्याच डॉक्टरीणबाईंचा. मी धावत आत शिरलो, हिंदीत ओरडलो, "इमर्जन्सी! अकरा पेनकिलर घेतल्यात यांनी!"

डॉक्टरांनी आईंकडे पाहिलं. "अक्का, सकाळीच आला होतात ना तुम्ही?"

मग दोघींचं कानडीत बराच वेळ चाललं. मी मधे उभा, एका हाताने कंबर धरून, दुसऱ्याने पोट. शेवटी आई माझ्याकडे वळल्या आणि अगदी संकोचाने म्हणाल्या, "मी एक पण गोळी खाल्ली नाही की हो."

"मग रोज सकाळी काय घेत होतात?"

"हातात घेत होते. जावयाच्या हातची वस्तू नको कशी म्हणायची? पदरात बांधून ठेवत होते. पण पाकीट नाही, नाव नाही, अशी सुटी गोळी मी कशी खाऊ? मला बीपीची गोळी चालू आहे. म्हणून आज सकाळी तुम्ही फोनवर होता तेव्हा सगळ्या घेऊन इथं आले. ह्या म्हणाल्या, खाऊ नका, मेडिकलमध्ये टाकायला द्या. देऊन टाकल्या. वाटी तेवढी घासून ठेवली."

आनंदाने मी आईंच्या पाया पडायला वाकलो. आणि तसाच राहिलो. कंबर!

डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं. "घाम का येतोय एवढा? तुम्ही काय काय घेतलंय?"

मी अभिमानाने मोबाइलवर तक्ता उघडून दिला. सगळी माहिती तयार! त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "डोक्याची, सर्दीची, कंबरेची. तिन्हीत पॅरासिटामॉल आहे. नावं वेगळी, औषध तेच. सकाळपासून तुम्ही एकच औषध चारदा घेतलंय."

"पण त्रास तीन होते ना, डॉक्टर."

"लिव्हर एकच आहे ना?"

कंबरेच्या गोळीत आणखी एक पेनकिलर होती, ती मी उपाशीपोटी काळ्या कॉफीवर टाकली होती. जळजळ तिची. नशीब, हद्द ओलांडली नव्हती. पण संध्याकाळी पुन्हा डोकं, रात्री पुन्हा सर्दी, असं दोन दिवस चाललं असतं तर रक्त तपासायची वेळ आली असती म्हणे. उद्यापर्यंत एकही गोळी नाही. आधी जेवा. कंबरेला शेक द्या.

तेवढ्यात मुग्धा धापा टाकत आत आली. "आई! कशी आहेस? पेशंट कुठाय?"

आईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. केसपेपरवर नाव माझं, आणि सोबत कोण आलंय त्या रकान्यात सही सासूबाईंची.

निघताना डॉक्टर पुन्हा आईंना कानडीत काहीतरी समजावून सांगू लागल्या. आई मान डोलावत होत्या, "सरी, सरी." माझ्याशी एक शब्द नाही! घरी आल्या आल्या आईंनी तो मिसळणाचा डबा उचलला, आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

मी म्हटलं, "आई, हे काय? डॉक्टर काय म्हणाल्या?"

"काही नाही हो. सुट्या गोळ्या सगळ्या टाकायला द्या, आणि नवी औषधं आणाल ती पाकिटातच ठेवा. लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी."

"पण आपल्या घरात लहान मूल कुठंय?"

"मी पण तेच विचारलं की त्यांना," आई म्हणाल्या. "तर त्यांनी तुमच्याकडं बघितलं."